बाराला पाच कमी

"द्वारपाल, सभापतींना घड्याळ नीट दिसत नाही," सभापती मर्ल ड्रमंड म्हणाले, आणि त्याबरोबर विधानसभेतल्या झाडून सगळ्या सदस्यांनी माना वर करून छताकडे पाहायला सुरुवात केली.

छतावर पाहण्यासारखं काही नव्हतं. गरुडाचं एक चित्र होतं, त्याची एक तंगडी ओल येऊन गळून पडली होती. तरी सगळे अगदी तन्मयतेने पाहत होते. वार्ताहरांनी पेन्सिली तासायला घेतल्या. सभेच्या प्रार्थनेसाठी नेमलेल्या पाद्रीबुवांना खोकला आला. तो त्यांना दर अधिवेशनाच्या शेवटच्या शुक्रवारी, बाराला पाच कमी असताना येत असे.

द्वारपाल एल्डन हॅस्किलने कोपऱ्यातली लांब काठी उचलली. राखी रंगाच्या लाकडाची, टोकाला पितळी आकडा. सभापतींच्या खुर्चीमागे भिंतीवर ते जुनं घड्याळ होतं, चांगलं पुरुषभर उंचीचं. एल्डनने काठी वर नेली, हलणारा लंबक आकड्यात अलगद धरला आणि बाजूच्या खिळ्याला अडकवून ठेवला.

टिकटिक थांबली.

राज्याच्या घटनेत स्वच्छ लिहिलेलं आहे की, अधिवेशन शेवटच्या शुक्रवारी दुपारी बाराच्या ठोक्याला संपेल आणि त्यापुढे सदस्यांना कसलाही अधिकार उरणार नाही. घटना मोडण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. राहता राहिलं ते एवढंच, की बारा वाजू द्यायचे नाहीत. घड्याळ थांबवताना कुणी पाहिलं नाही म्हणजे ते थांबवलं गेलं नाही, ते आपोआप रेंगाळलं, अशी इथली समजूत होती आणि ती दोन्ही पक्षांना मान्य होती. दोन्ही पक्षांना मान्य अशी एवढीच एक गोष्ट या राज्यात होती. एरवी काम दोन-तीन तासांत आटपे, एल्डन पुन्हा काठी घेई, सगळे पुन्हा गरुडाची तंगडी पाहत आणि बारा वाजत.

यंदा भांडण पुलाचं होतं. नदीवर पूल बांधायला वॉशिंग्टनचं केंद्र सरकार मदत देत होतं. निम्मे सदस्य म्हणत होते, घ्या. निम्मे म्हणत होते, आज पूल घेतला तर उद्या पुलावरून कुणी कुठल्या बाजूने चालायचं हेही वॉशिंग्टन सांगेल.

"दारं बंद करा," सभापतींनी आज्ञा केली. मतदान होईपर्यंत कुणी पळून जाऊ नये म्हणून ही दुसरी चाल. एल्डनने मोठं दार लावलं आणि किल्ली कमरेला अडकवली. याचा अर्थ आता सभापतींच्या परवानगीशिवाय कुणालाच बाहेर जाता येणार नव्हतं. एल्डनलाही.

तो काठीला टेकून उभा राहिला. आयुष्यभर कानात असलेला आवाज बंद पडल्यामुळे कानात कापूस घातल्यासारखं झालं होतं. आणि त्या शांततेत त्याला सकाळचं डॉक्टरांचं वाक्य पुन्हा ऐकू आलं.

"मिस्टर हॅस्किल, आजचा शुक्रवार त्या काढतील. शनिवार काही पाहणार नाहीत."

*

एल्डनच्या बायकोने, ओपल हॅस्किलने, उभा जन्म आठवीच्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं. आज विधानसभेत बसलेल्यांपैकी बरेच जण तिच्या हाताखालून गेले होते, आणि निदान चौघांना तिने नापास केलं होतं. सभापती ड्रमंड त्या चौघांत होते.

विधानभवन पाहायला येणाऱ्या मंडळींना एल्डन जे भाषण द्यायचा तेही तिनेच रचून दिलेलं. तो पाठ म्हणत असे, हात मागे बांधून. "आपल्याकडे एकाच घरात दोन चुली आहेत. एक वॉशिंग्टनची, एक राज्याची. एकीने दुसरीच्या पातेल्यात डाव घालायचा नाही. आणि घर दोघींचंही नाही, घर लोकांचं आहे." मग तो काठीने घड्याळ दाखवी. "ज्याच्या हातात सत्ता द्यायची, त्याच्या हातात घड्याळ द्यायचं नाही. म्हणून हे घड्याळ सभापतींच्या पाठीमागे लावलंय. त्यांना सोडून सगळ्यांना दिसतं." इथे लोक हसत. घड्याळ थांबवण्याबद्दल भाषणात काही नव्हतं. ओपलने ते कधी लिहून दिलं नाही आणि त्याने कधी मागितलं नाही. वर्षातून एकदा तो घरी उशिरा येई, आणि त्या दिवशी ती त्याच्याशी जेवताना बोलत नसे. तेवढंच.

आज सकाळी दवाखान्यात त्याने तिचा हात हातात घेतला होता. हात थंड होता, पण मधूनच एक बारीकसा हिसका बसे, गळाला मासा लागावा तसा.

"मी जात नाही आज," तो म्हणाला.

"जा," ओपल म्हणाली. "नाहीतर ती गाढवं खुर्चीवर चढून स्वतः थांबवतील आणि घड्याळ मोडून ठेवतील. माझ्या वर्गात बाक मोडले, आता तिथे घड्याळ मोडतील."

*

शनिवारी सकाळी टोप्या-कोटांच्या खोलीतला फोन वाजला. ही खोली सभागृहाला लागून, दारं बंद असली तरी इथवर यायला हरकत नव्हती. एल्डनने रिसीव्हर उचलला तेव्हा त्याला आपण काय ऐकणार हे ठाऊक होतं.

"मी नर्स ग्राबोव्स्की," पलीकडून आवाज आला. "त्या आहेत."

"आहेत?"

"आहेत म्हणजे आहेत. डॉक्टर तीनदा येऊन गेले. ताप होता तिथेच आहे, नाडी होती तिथेच आहे. एक रेघ वर नाही, एक रेघ खाली नाही. डॉक्टर थर्मामीटर झटकून झटकून दमले."

"बोलली काही?"

"वार विचारला. मी म्हटलं, शनिवार, बाई. तर म्हणतात, छे, अजून शुक्रवारच आहे, माझ्या नवऱ्याला विचार." नर्स पुढे म्हणाली, "आणि मिस्टर हॅस्किल, त्यांचं मनगटावरचं घड्याळ बंद पडलंय. मी किल्ली दिली, हलवून पाहिलं. चालत नाही. तुम्ही येताना दुसरं आणाल का?"

"किती वाजता बंद पडलं?" एल्डनने विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"बाराला पाच कमी."

तो सभागृहात परत आला आणि घड्याळाखाली उभा राहिला. सदस्य पुलावर भांडत होते. त्याने काठी उचलली आणि खिळ्याला अडकलेल्या लंबकाला आकड्याने जरासा स्पर्श केला. काठीतून हाताला एक बारीकसा हिसका बसला.

त्याने काठी पटकन खाली घेतली. मग इकडेतिकडे पाहून, स्टुलावर चढून, खिशातल्या दोरीने लंबक त्या खिळ्याला पक्का बांधून टाकला.

*

रविवारी सिनेटचा द्वारपाल लेस्टर फॅरिस दाराच्या जाळीपाशी आला. सिनेटमध्येही अजून शुक्रवारच होता, पण त्यांची पद्धत वेगळी. ते घड्याळावर हॅट अडकवत. हॅटखाली घड्याळ आपलं चालूच.

"काय रे, संपवताय का नाही?" लेस्टरने जाळीतून तोंड घातलं. त्याच्या गालावर पांढरे खुंट वाढले होते आणि शर्टाची पार रया गेली होती. "आमचे म्हातारे बसल्या जागी झोपताहेत. दोघांना तर—" तो मधेच थांबला. "एल्डन, तुम्हाला आत न्हावी आणू दिला?"

"नाही."

"मग तुझी हनुवटी अशी कशी? लोण्याच्या गोळ्यासारखी? आणि ह्या सगळ्यांच्या?"

एल्डनने मागे वळून पाहिलं. खरंच, कुणालाच दाढी आली नव्हती. सभापतींच्या मेजावरची लिलीची फुलं शुक्रवारी सकाळी ठेवली होती, त्यांची पाकळी वाकली नव्हती. कॅन्टीनमधून आलेल्या हॅमच्या सँडविचचं ताट कुणी हात न लावता पडलं होतं. भूक अशी कुणाला लागलीच नव्हती. वृद्ध सदस्य वेदरबी, एके काळचे न्यायाधीश, शुक्रवारी ओतलेल्या कॉफीचे घोट घेत होते. कपातून वाफ येत होती.

"आमच्याकडे हवा चांगली आहे," एल्डन म्हणाला.

"हवा!" लेस्टर म्हणाला, आणि का कोण जाणे, दोन पावलं मागे सरला.

तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या न्यायालयाच्या मनोऱ्यावर ठोके पडू लागले. ते न्यायालय केंद्राचं. या राज्याचं राज्य रस्त्याच्या मधोमध संपत होतं. त्या मनोऱ्यातलं घड्याळ थांबवायला इथल्या कुणाचीच काठी पुरणार नव्हती. म्हणून अशा वेळी खिडक्या घट्ट लावून घेत. तरी ठोके आत येतच. एकेका ठोक्याला दोरीने बांधलेला लंबक थरथरे, आणि तो थरथरला की बोलता बोलता सगळे सदस्य एक क्षणभर गप्प होत. मग कुणीतरी म्हणे, "तर मुद्दा असा की," आणि पुन्हा पूल.

*

सोमवारी सभापती ड्रमंड यांच्या लक्षात आलं.

हा माणूस मंद होता, पण एकदा कळलं की पक्कं कळायचं. ते उभे राहिले, हातोडा आपटला नाही, साध्या आवाजात बोलले.

"मंडळी, मला एक कोडं पडलंय. आपला अधिकार बाराला संपतो. बरोबर?"

"बरोबर," सगळे म्हणाले.

"आणि बारा वाजले नाहीत."

"नाहीत."

"मग आपण ते का वाजवतोय?"

 मग मागच्या रांगेतून एक तरुण वकील म्हणाला, "साहेब, नोव्हेंबरात निवडणूक आहे."

"कुठला नोव्हेंबर?" सभापती म्हणाले. "इथे मार्च आहे. शुक्रवार आहे."

"गव्हर्नर नाराज होतील."

"ते आपले कायदे अडवू शकतात, अधिवेशन संपल्यावर."

"कुणीतरी समोर केंद्राच्या कोर्टात जाईल."

"आणि काय सांगेल? की यांनी बारा वाजल्यानंतर राज्य केलं? कधी? दाखवा घड्याळ." सभापतींनी अंगठ्याने मागे खूण केली, पण वळून पाहिलं मात्र नाही. "जे अजून घडलंच नाही, त्याचा खटला कसा चालवतील?"

न्यायमूर्ती वेदरबींनी कॉफीचा घोट घेतला. "मर्ल," ते हळूच म्हणाले, "मला डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली होती."

"बघा!" सभापती म्हणाले. "इथे उन्हाळा येणारच नाही."

कुणी हसलं नाही. पण एकेक जण आपापल्या हनुवटीवरून हात फिरवू लागला. कुणाला पाठदुखी आठवली, ती शुक्रवारपासून वाढली नव्हती. कुणाला कर्जफेडीची तारीख आठवली. एकमेकांचे गळे धरणारे दोन्ही बाजूंचे सदस्य एकमेकांकडे पाहून फार गोड, फार सावकाश हसले. ते हसू पाहून एल्डनच्या मानेवर काटा आला. पुलाबद्दल कुणी काही बोलेना. कशाला बोलतील? घाई कुणाला होती?

आणि खरं सांगायचं तर एल्डनला आनंद झाला होता. तो घड्याळाखाली काठीला टेकून उभा होता आणि त्याच्या मनात एकच गोष्ट होती, की यांनी बसावं. खुशाल बसावं. कायमचं राज्य करावं. त्याबदल्यात दवाखान्यातल्या त्या खोलीत ओपल श्वास घेत राहील. हा सौदा त्याला महाग वाटत नव्हता.

दुपारी फोन वाजला. या वेळी नर्स नव्हती.

"म्हाताऱ्या," ओपल म्हणाली.

"ओपल! अगं, बरी दिसतेस. म्हणजे, आवाज बरा वाटतोय."

"आवाज तोच आहे. शुक्रवारचा. इथे सगळं शुक्रवारचं आहे. खिडकीत एक चिमणी उडायच्या बेतात बसलीये, ती तेव्हापासून उडायच्या बेतातच आहे." ती धापा टाकत होती. "दुखतंय, एल्डन. तेही शुक्रवारइतकंच दुखतंय. कमी नाही, जास्त नाही. एकाच ठिकाणी थांबून राहिलंय."

 हे एल्डनच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"घड्याळ बांधून ठेवलंयस ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"इतकी वर्षं संसार केलाय तुझ्याशी. बंद पडलेली गोष्ट तू दोरीने बांधतोस. आत काय चाललंय?"

त्याने सांगितलं. ड्रमंड काय म्हणाले तेही सांगितलं. पलीकडे जरा वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"मर्लने शेवटी घटना वाचली म्हणायची," ती म्हणाली. "आठवीत वाचली असती तर पास झाला असता."

"ओपल, त्यांचं काय ते होऊ दे. आपल्याला काय करायचंय?"

"मी मुलांना काय शिकवलं?"

"ते राजेलोकांबद्दल होतं. सभापतींबद्दल. आपल्यासारख्यांबद्दल नव्हतं."

"कलम सगळ्यांना सारखं." मग तिचा आवाज एकदम लहान झाला. "मला बाराच्या पुढे जायचंय, एल्डन."

*

मंगळवारी सकाळभर एल्डन खिडकीपाशी उभा होता. समोरच्या मनोऱ्यावरचे काटे पाहत होता. सोमवारी दुपारीच दोरी सोडता आली असती. पण मग घड्याळ खोटी वेळ दाखवत राहिलं असतं, आणि ते त्याला पटेना. दर वर्षी अधिवेशनानंतर काटे फिरवून वेळ लावावी लागे, ते यंदा त्याला नको होतं. निदान तास-मिनिटं तरी खरी असावीत. वार खोटा ठरेल, पण घड्याळाला वार कळत नाही.

बाराला दहा कमी झाले तेव्हा तो टोप्या-कोटांच्या खोलीत गेला आणि दवाखान्यात फोन लावला.

"नर्सबाई, रिसीव्हर तिच्या उशीवर ठेवा. मनगटाजवळ. बोलायचं काही नाही. नुसता ठेवा."

आपला रिसीव्हर त्याने शेल्फावर, टोप्यांच्या रांगेत उताणा ठेवला आणि सभागृहाकडचं दार उघडं टाकलं.

सभागृहात शांतता होती. सदस्य गुळगुळीत हनुवट्या घेऊन आपापल्या जागी बसले होते. एल्डन कोपऱ्यात गेला आणि काठी उचलली.

काठी हलली मात्र, सगळ्यांच्या माना वर गेल्या. इतक्या वर्षांची सवय. वार्ताहरांनी पेन्सिली तासायला घेतल्या. पाद्रीबुवा खोकले. अख्खी विधानसभा गरुडाच्या गळलेल्या तंगडीकडे टक लावून पाहू लागली, आणि एल्डनने स्टूल ओढलं, वर चढून दोरीची गाठ सोडली, खाली उतरला आणि आकड्याने लंबक खिळ्यावरून काढला.

हाताला शेवटचा एक हिसका बसला. मग लंबक गेला, आणि परत आला.

टिक.

"हे काय?" सभापती छताकडे पाहतच म्हणाले. "द्वारपाल! द्वारपाल, सभापतींना घड्याळ नीट दिसत नाही!"

"मला दिसतंय, साहेब," एल्डन म्हणाला. "स्वच्छ दिसतंय."

"अरे, थांबवा कुणीतरी!"

थांबवायचं म्हणजे आधी घड्याळाकडे पाहायला हवं होतं. आणि पाहिलं म्हणजे ते चालू होतं हे मान्य करावं लागलं असतं, आणि आजवर थांबलेलं होतं हेही. प्रत्येक जण दुसरा कुणीतरी पाहील म्हणून छताकडे पाहत राहिला. टिकटिक चालूच होती. लिलीची एक पाकळी मेजावर पडली. मग दुसरी. कुणाचं तरी पोट मोठ्याने गुरगुरलं. हनुवट्यांवर सावली उतरावी तशी दाढी उतरत होती. न्यायमूर्ती वेदरबींनी कपाला ओठ लावले, तोंड वाकडं केलं आणि कप बशीत ठेवला.

"गार झाली," ते म्हणाले. आणि मग, घसा साफ करून, "मर्ल, दोनच मिनिटं आहेत. पुलाचं मत घे."

शुक्रवारपासून जे होत नव्हतं ते तेवढ्यात झालं. कुणी भाषण केलं नाही. हात वर झाले, मोजले गेले, हातोडा पडला. पूल मंजूर झाला, कुणी कुठल्या बाजूने चालायचं हे राज्य ठरवील अशी पुरवणी जोडून.

हातोड्यापाठोपाठ बारा वाजू लागले. समोरच्या मनोऱ्यावरचं केंद्राचं घड्याळ आणि हे राज्याचं, दोन्ही एकदम. इतके बरोबर की, ठोके कुणाचे कुठले ते सांगता येत नव्हतं.

शेवटचा ठोका पडल्यावर सभापती ड्रमंड खुर्चीवरून उतरले. खाली येताना एक पायरी त्यांना दिसली नाही आणि एल्डनने दंडाला धरलं. ते आता कुणी विशेष नव्हते. चार दिवसांची दाढी वाढलेला एक दमलेला माणूस.

"बाईंना सांग," ते म्हणाले. पुढे काय सांगायचं ते त्यांना सुचलं नाही.

एल्डनने काठी कोपऱ्यात उभी केली आणि तो टोप्या-कोटांच्या खोलीत गेला. रिसीव्हर टोप्यांमध्ये तसाच उताणा होता. त्याने तो कानाला लावला.

श्वास ऐकू येत नव्हता. नर्स कुठेतरी लांब हळू आवाजात काही बोलत होती. एक चिमणी फडफडल्यासारखी वाटली. आणि अगदी जवळ, उशीवरून, मनगटावरचं ते बारकं घड्याळ चालत होतं. नीट, न चुकता.

तो ते ऐकत राहिला. मागे सभागृहात माणसं कोट शोधत होती, पाय घासत होती, आणि कुणीतरी बंद दाराशी जाऊन हाका मारत होतं, "एल्डन! अरे, दार कोण उघडणार?"

"आलो," एल्डन म्हणाला. त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला, कमरेची किल्ली हातात घेतली आणि दार उघडायला गेला.